वाकलेलं पाणी

तार्तूला, नदीकाठच्या तळघरात
आम्ही शाळांसाठी रेणू बनवायचो.
बर्चचे गोळे. काही बोराएवढे, काही लिंबाएवढे.
कार्बन काळा, ऑक्सिजन लाल, नायट्रोजन निळा,
हायड्रोजनला रंगच नाही,
नुसतं पांढरं लाकूड, वर वॉर्निशचा एक हात.
काल्यू म्हणायचे, सगळ्यात जास्त खपतो तो,
त्याला रंगवत बसलो तर दुकान बुडेल.

मी एकोणीस वर्षांची. माझ्याकडे भोकं पाडायचं काम.
कार्बनला चार. त्यातली कुठलीही दोन घ्या,
मधे एकशे नऊ अंश, अठ्ठावीस मिनिटं.
पितळी साच्यात गोळा अडकवायचा, दांडा खाली ओढायचा,
भुशाचा वास यायचा, गोडसर, जरा करपलेला.
"चौघं जण," काल्यू सांगायचे,
"एकमेकांपासून जमेल तितके लांब सरकतात
आणि मधल्याला मात्र सोडत नाहीत.
अशी घरंही असतात."

जानेवारीत नार्वाच्या शाळेची मागणी आली:
पाणी, चाळीस नग.
काल्यू तापाने घरी. मीच केलं सगळं.
लाल मधे, दोन पांढरे दोन बाजूंना,
तराजूच्या दांडीसारखं सरळ.
चाळीसच्या चाळीस.
खोक्यात ओळीने मांडले, वर कागद घातला, खूश झाले.

ते आले. एक उचललं.
एक डोळा मिटून त्याच्याकडे पाहिलं,
सुतार फळीकडे बघतो तसं.
रागावले नाहीत. मला खिडकीशी नेलं.
बाहेर नदी. तिच्यावर बर्फ तरंगत होता,
बर्फावर स्टूल, स्टुलावर मासे धरणारा एक म्हातारा.
"हे सरळ असतं ना, तिऊ,
तर एका थेंबाने दुसऱ्याला धरलंच नसतं.
नदी कधीच हवा होऊन गेली असती.
त्या माणसाने मग स्टूल कुठे टेकवलं असतं?"

"पण वाकवतं कोण? इथे तर काहीच नाही."

लाल गोळ्याच्या पाठीवर, जिथे भोक नव्हतं,
तिथे त्यांनी अंगठा ठेवला.
"इथे दोन जोड्या आहेत इलेक्ट्रॉनच्या.
कुणाचाच हात न धरलेल्या.
त्यांना गोळा नाही, खुंटी नाही, आपल्या दरपत्रकात ओळ नाही.
पण जागा लागते.
हात धरलेल्यांपेक्षा जास्तच लागते.
त्या रेटतात, म्हणून हे दोघे जवळ येतात.
एकशे साडेचारवर येऊन थांबतात."

मग ते खुंट्या उपटायला बसले.
सातव्या की आठव्या गोळ्यापाशी, मान वर न करता:
"एकोणपन्नासचा मार्च.
माझा दात दुखत होता. आई मला घेऊन गावात गेली होती.
परत आलो तर दारापुढे ट्रकच्या चाकांचे चर,
चुलीवर बटाटे, पाणी आटून तळाला लागलेले.
आजी नाही. लिंडा नाही.
घरात चार खाटा होत्या.
त्या दोन आम्ही कधी हलवल्या नाहीत,
त्यांच्यावर काही ठेवलंही नाही.
आई आणि मी एकाच खाटेवर झोपायचो, भिंतीला चिकटून.
खोली तेवढीच होती.
तरी आम्हाला जागा पुरायची नाही."

पुढे काही बोलले नाहीत.
मला सरस गरम करायला सांगितला.

प्रत्येक गोळ्याचं एक भोक आम्ही बुजवलं,
घासलं, नवा कोन लावून पुन्हा पाडलं, वर लाल रंग.
तीन दिवस गेले. बोटं लाल, नखं लाल,
पाव खाताना तारपीनची चव.
एक गोळा चिरला, तो मी ठेवून घेतला. अजून आहे.
उन्हाळ्यात लाकूड सुकतं
तेव्हा बुजवलेलं भोक नखाला लागतं.

एप्रिलमध्ये नार्वाहून कार्ड आलं:
पाणी पोचलं. मुलांना आवडलं.
दोन हायड्रोजन कमी भरले, कृपया पाठवावेत.

काल्यूंनी कार्ड दोनदा वाचलं.
हसले बहुतेक.
मग खण उघडून पांढरे गोळे मोजू लागले,
दोनच हवे होते,
तरी बराच वेळ मोजत राहिले.